‘दहा मिनिटं पुढं कर की!’

पत्र सोलापूरहून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात असं:

‘मी ५४ वर्षांची आहे. नोकरी सांभाळून ज्योतिषाच्या परीक्षा दिल्या, आणि गेली बरीच वर्षं संध्याकाळी ओळखीतल्यांच्या पत्रिका बघते. फी ठरलेली नाही. कुणी नारळ ठेवतं, कुणी अकरा रुपये. सध्या माझ्या भाचीसाठी स्थळं बघणं चालू आहे. ती २७ वर्षांची, इंजिनिअर. तिची पत्रिका मीच केलेली. कर्क लग्न (जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास), २८ अंश. मंगळ मिथुनेत, म्हणजे व्ययात, बाराव्या घरात. दोन स्थळं “मंगळाची मुलगी” म्हणून परत गेली. आता पंढरपूरकडचं एक चांगलं स्थळ आलंय, पण मुलाच्या आईची एकच अट आहे, मंगळ नको. परिहार (दोष लागत नाही असा शास्त्रातला अपवाद) सांगू गेलं तर त्या ऐकून घेत नाहीत. वहिनी म्हणतात, “दहा मिनिटं पुढं कर की! सिंह लग्न येतं, मंगळ अकरावा होतो. दवाखान्यात कोण घड्याळ घेऊन उभं होतं?” वडील गेल्यावर दादानंच माझं शिक्षण केलं, लग्न लावून दिलं. आजवर त्यानं माझ्याकडं काही मागितलं नाही. नाही म्हटलं तर घर तुटेल, हो म्हटलं तर शास्त्राशी बेइमानी. आणि खरं सांगू का, भीतीही वाटते. उद्या त्या मुलाला काही झालं तर? रविवारी पत्रिका द्यायची आहे.’

ताई,

वेळ बदलू नका. रविवार तोंडावर आलाय, म्हणून हे आधी सांगून टाकते. का, आणि मग वहिनींना काय म्हणायचं, ते पुढं सविस्तर लिहिते.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात दादा आहेत, वहिनी आहेत, मुलाची आई आहे, शास्त्र आहे, मंगळ तर आहेच. भाची मात्र कुठंच बोलत नाही. तिचं वय आणि शिक्षण कळलं, पण जन्मवेळ बदलायचा हा बेत तिला माहीत आहे का, हे कळलं नाही. पत्रिका तिची, लग्न तिचं, आणि खोटं उघडं पडलं तर त्या घरात उभं राहून ऐकून घ्यायचंय तेही तिलाच. आपल्या गावात दर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, सारं सोलापूर अक्षता टाकायला लोटतं. ते लग्न तिच्या इच्छेखातर लागलं अशी कथा आहे. त्याच गावात सत्तावीस वर्षांच्या इंजिनिअर मुलीला विचारायचं राहून जातं, याचं मला नवल वाटलं. तेव्हा वहिनींशी बोलण्याआधी भाचीशी बोला. घरात नको, दोघी कुठंतरी बाहेर जाऊन. ‘आई असं म्हणतेय, तुला हे चालेल का?’ एवढंच विचारा. माझा अंदाज आहे की तिथंच निम्मा गुंता सुटेल.

आता तुमच्या शास्त्राकडं येते. मी पत्रिका मानत नाही, हे सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. पण तुमचा प्रश्न मानण्या-न मानण्याचा नाही, म्हणून मी तुमच्याच अंगणात येऊन बोलते. शास्त्राशी बेइमानी होईल का, असं तुम्ही विचारता. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत दैवज्ञ कसा असावा हे सांगितलं आहे, आणि त्या गुणांमध्ये खरं बोलणं हा गुण आहे. तेव्हा ग्रंथाचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत होतं. अडचण वेगळीच आहे. बेइमानी शास्त्राशी होईल एवढंच तुम्हाला दिसतंय. मला आधी पंढरपूरकडची ती माणसं दिसतात. तुमच्या अक्षरावर आणि तुमच्या परीक्षांवर विश्वास ठेवून ती तो कागद हातात घेणार आहेत. शास्त्र काही तुमच्यावर रुसून बसणार नाही. फसणार आहेत ती माणसं.

ही दहा मिनिटं नेमकं काय करतात, हेही एकदा नीट मांडू या. तुम्हाला हे पाठ आहे, पण हे वाचणाऱ्या दहा घरांत हाच खल चाललेला असणार. पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी मारते, बारा राशी पूर्वेला उगवून जातात, म्हणजे एका लग्नाला सरासरी दोन तास आणि एका अंशाला चारेक मिनिटं. भाचीचं लग्न कर्केचे २८ अंश, म्हणजे सिंहेच्या उंबऱ्यावर. आठ-नऊ मिनिटं पुढं सरकवली की उंबरा ओलांडला. चंद्र मात्र दहा मिनिटांत अंशाच्या दहाव्या भागाइतकाच सरकतो. त्यामुळं नक्षत्र तेच, रास तीच, छत्तीसांपैकी जुळलेले गुणही तेवढेच. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट, नाडी, सगळं चंद्रावरून, तिथं काही हलत नाही. हलतो फक्त लग्नबिंदू, आणि त्याच्याबरोबर बाराही भाव, म्हणजे पत्रिकेतली घरं. म्हणजे वहिनींना वाटतं की एक मंगळ उचलून शेजारच्या घरात ठेवायचा. प्रत्यक्षात मुलीची अख्खी कुंडली फिरते. लग्नेश, म्हणजे लग्नराशीचा स्वामी, चंद्राचा रवी होतो, धनस्थान बदलतं, संततीचं बदलतं, लग्नाचा नवमांश (राशीचा नववा भाग) मीनेचा मेषेचा होतो. उद्या तीच मुलगी तुमच्याकडं ‘आत्या, मूल कधी होईल, बघ ना’ म्हणत आली, तर तुम्ही कुठली पत्रिका काढणार? एक कपाटातली आणि एक सासरची?

यातली गंमत अशी की, तुम्ही घेता ते चित्रापक्षाचे अयनांश (अयनांश म्हणजे राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची हे ठरवणारं अंतर, आणि पक्ष म्हणजे ते ठरवायची पद्धत), आपल्या सोलापूरच्या दाते पंचांगात असतात ते. टिळक पंचांग रैवतपक्षाचं, त्यांचे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी. तीच जन्मवेळ, एक मिनिटही न बदलता, टिळक पंचांगानुसार मांडली तर लग्न चार अंश पुढं जाऊन सिंहेचे दोन अंश येतं. मंगळही चार अंश सरकेल, पण तो मिथुनेच्या अगदी शेवटाला नसेल तर मिथुनेतच राहील. म्हणजे अकरावा! तुमच्या जिवाला घोर लावणारी ही गोष्ट महाराष्ट्रातल्याच एका मान्यवर पंचांगात आपोआप झालेली आहे, आणि त्या पंचांगाप्रमाणं चालणारी घरंही आहेत.

लगेच हात त्या पंचांगाकडं जाऊ देऊ नका. ही युक्ती म्हणून सांगितलेली नाही. तुम्ही आयुष्यभर चित्रापक्ष मानलात, त्यावर शेकडो पत्रिका सांगितल्यात, आणि आज एका भाचीपुरतं पंचांग बदललंत, तर ते दहा मिनिटं सरकवण्याचंच सोवळं रूप झालं. मी हे सांगितलं ते अशासाठी की, ज्या रेषेच्या अलीकडं मुलगी अशुभ आणि पलीकडं शुभ ठरते, ती रेषा किती बारीक आहे आणि ती कुणी कुठं ओढली आहे, हे तुमच्या डोळ्यांपुढं यावं.

वहिनींचा एक मुद्दा मात्र खरा आहे. घड्याळ घेऊन कुणी उभं नव्हतं. जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. वेळ असते ती दवाखान्याच्या कार्डावर, आणि ती नर्सनं बाळ-बाळंतिणीचं सगळं आटोपल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून लिहिलेली. बहुतेक वेळा पाचाच्या पटीत. भर म्हणून, जन्म कधी धरायचा यावर तुमच्यातच एकमत नाही. डोकं दिसलं तेव्हा, नाळ कापली तेव्हा, की पहिलं रडू आलं तेव्हा? म्हणजे मूळ वेळेतच पाच-सात मिनिटांची शंका आहे. मग दहा मिनिटांत काय बिघडलं, असं वहिनी म्हणतील. याचं उत्तर तुमच्याकडं हवं.

जन्मवेळ शुद्ध करणं ही तुमच्या विद्येतली जुनी, मान्य रीत आहे. माणसाच्या आयुष्यात घडून गेलेल्या गोष्टी घ्यायच्या, आजारपण, शिक्षणातला खंड, वडिलांची बदली, भावंडाचा जन्म. त्या ग्रहांच्या दशांशी आणि गोचराशी (ग्रहांच्या त्या वेळच्या भ्रमणाशी) ताडून बघायच्या. कृष्णमूर्ती पद्धतीवाले रूलिंग प्लॅनेट, म्हणजे त्या घडीचे अधिपती ग्रह, घेतात. त्यातून वेळ मागं जाईल की पुढं, हे सुरू करताना माहीत नसतं. वहिनी म्हणतात त्यात उत्तर आधी ठरलंय, मंगळ अकरावा, आणि वेळ त्या उत्तराला जुळवायची आहे. पहिलीला तुम्ही दुरुस्ती म्हणा, दुसरी सरळ फेरफार. दोन्हींत कागदावर आकडा एकच येऊ शकतो, तरीही. आणि भाचीची वेळ खरोखर शुद्ध करून घ्यायची असेल, तर ती तुम्ही करू नका. आत्यानं केलेली शुद्धी कुणी मानणार नाही, आणि मानूही नये. कुठल्या स्थळासाठी आणि कशासाठी हवी आहे हे न सांगता, दुसऱ्या एखाद्या अभ्यासकाला नुसत्या घटना लिहून द्या. जे येईल ते येईल. कर्कच आली तर कर्क.

बरं, ‘मंगळाची मुलगी’ हे एवढं विशेष आहे का? पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं, यांतल्या कुठल्याही घरात मंगळ असला की झालं. बारांतली पाच घरं. म्हणजे नुसतं लग्नापासून मोजलं तरी ढोबळ हिशेबानं शंभरांतल्या ४२ माणसांना मंगळ. चंद्रापासूनही बघणारे आहेत. मग शंभरांतले ६६. शुक्रापासूनही धरला तर ऐंशीच्या घरात. दक्षिणेकडं दुसरं स्थान धरतात, काही जण पहिलं सोडून देतात. आपल्या गावात तर एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू घरं नांदतात. तेव्हा एका दारात मंगळाची ठरलेली मुलगी शेजारच्या दारात बिनमंगळाची असू शकते. एवढ्या मोठ्या जाळ्यात निम्मा गाव अडकतो म्हटल्यावर सोडवायला परिहार आले. स्वराशीचा मंगळ, उच्चीचा मंगळ, गुरूची दृष्टी, दोघांनाही मंगळ, वयाची अठ्ठावीस उलटली की मंगळ उतरतो... शेवटच्या हिशेबानं भाचीचा मंगळ येत्या वर्षात आपण होऊन निवृत्त होतोय. आणि कर्क लग्नाला मंगळ पंचमेश-दशमेश (पाचव्या आणि दहाव्या घराचा स्वामी), म्हणजे योगकारक, शुभ फळ देणारा, त्याचा दोष धरत नाहीत, हा परिहार तर तुम्ही सांगून थकला असाल. (सिंह लग्नालाही तो योगकारकच. एवढी खटपट करून ग्रह होता तिथल्यासारखाच चांगला!)

नियमाला एवढे अपवाद कशाला लागले, याचा विचार तुमच्यासारख्या अभ्यासू बाईनं एकदा शांतपणे करावा असं मला वाटतं. माझा तर्क असा: नियम कडक ठेवला तर लग्नं होत नाहीत, आणि सोडून दिला तर ज्योतिषाचं काम उरत नाही. मला चूक ठरवा, हरकत नाही.

तुमच्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ मला सर्वांत जड वाटली. ‘उद्या त्या मुलाला काही झालं तर?’ ताई, ही भीती एकट्या तुमची राहणार नाही. पत्रिका बदलली हे भाचीला कळणारच. मग नवऱ्याला ताप आला, गाडी घसरली, नोकरी गेली, की दर वेळी तिच्या मनात पाल चुकचुकणार: माझ्यामुळं तर नाही? उघड मंगळ घेऊन गेलेली मुलगी निदान हे मोकळेपणानं बोलू शकते, सासूशी भांडू शकते. लपवून गेलेली गप्प बसते. तुम्ही तिच्या पत्रिकेतला मंगळ काढून तिच्या संसारात ठेवाल.

भीतीपुरतं एक सांगते. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, मिळून २०० पत्रिका. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० बघून कुठली कुणाची ते सांगायचं. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. ती चाचणी मंगळाची नव्हती, आणि एवढ्यानं तुमची श्रद्धा हलावी असा माझा आग्रहही नाही. पण मूल हुशार आहे की नाही एवढी ढळढळीत गोष्ट जिथं दिसली नाही, तिथं बाराव्यातला एक ग्रह कुणाचा जीव घेईल या भीतीनं तुम्ही रात्र-रात्र जागू नये, एवढं मात्र नक्की म्हणेन. कोपऱ्याला हळदकुंकू लावलेल्या त्या कागदानं आजवर कुणाला मारलेलं नाही. त्याच्या भीतीनं मुली मात्र घरात बसून राहिल्यात.

‘कुणाला कळणार आहे?’ हाही वहिनींचा युक्तिवाद असेल. कळतं. आधीच्या दोन स्थळांना तुम्ही जी पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवलीत, ती अजून कुणाच्या तरी फोनमध्ये आहे. वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत नाव दिलं असेल तर तिथं जन्मवेळ छापून आली आहे. सोलापूर ते पंढरपूर सत्तरेक किलोमीटर, पण सोयरिकीच्या वाटेनं बघितलं तर दोन घरं. लग्नघरात कुणीतरी मावशी निघतेच, ‘अहो, ही तर मंगळाची ना?’ असं म्हणणारी. आणि कायदाही एकदा बघून ठेवा. महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती मिळवली असेल तर ते लग्न रद्द करून मागण्याची सोय हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ मध्ये आहे. मंगळ ही तशी महत्त्वाची गोष्ट ठरते का, हा वकिलांनी भांडायचा विषय. पण ज्या घरानं ‘आमची एकच अट’ म्हणून तीच गोष्ट विचारली, त्यांच्या वकिलाला पहिला कागद तुमच्या अक्षरातला मिळेल.

आता रविवारचं.

वहिनींना नकार द्यायचा आहे तो कामाला, मदतीला नव्हे. नुसतं ‘मला जमणार नाही’ म्हणालात तर त्यांना ते ज्ञानाचा तोरा वाटेल. त्यापेक्षा असं काही म्हणा: ‘वहिनी, वेळ मी बदलणार नाही. उद्या हे उघडं पडलं तर आपल्या पोरीला त्या घरात मान वर करता येणार नाही. पण मी तुमच्याबरोबर येते. मंगळाचं मी स्वतः बोलते, तुम्हाला ऐकून घ्यावं लागणार नाही.’ मुलींच्या आया स्थळाकडून नकार ऐकून ऐकून थकलेल्या असतात हो. वहिनींनी खोटेपणा मागितला तो स्वभावानं खोट्या आहेत म्हणून नव्हे. आणखी एकदा ते वाक्य ऐकायचं त्राण त्यांच्यात उरलेलं नाही. ते ऐकायचं काम तुम्ही अंगावर घ्या.

मग मुलाकडं आधी फोन करून, कांदेपोहे वगैरे व्हायच्या आत, सरळ सांगा. ‘मुलीची आत्या बोलतेय. पत्रिका मीच केलीय. कर्क लग्न, मंगळ बारावा आहे. माझ्या अभ्यासाप्रमाणं याला परिहार आहे, पण मी घरचीच, तेव्हा तुमच्या गुरुजींना दाखवा. तुम्हाला नको असेल तर राग नाही.’ बस. परिहाराची यादी वाचू नका. आजवर त्या बाईंनी ऐकून घेतलं नाही याचं एक कारण मला असं वाटतं की परिहार नेहमी मुलीकडच्यांच्या तोंडून येतो. तो त्यांच्या गुरुजींच्या तोंडून आला तर कदाचित वजन येईल. जमल्यास मुलाशीही भाचीचं थेट बोलणं होऊ द्या. पस्तिशीच्या आतली बरीच मुलं पत्रिका आईसाठी बघतात, स्वतःसाठी नव्हे. आणि त्यातला एखादा आईसमोर उभा राहतो का, हेही आधीच कळलेलं बरं. नाही उभा राहिला तर? तर मंगळाचं निमित्त झालं म्हणायचं. जी सासू बाराव्यातल्या मंगळावर अडली, ती पुढं कशाकशावर अडेल ते तुम्हीच ठरवा.

हेही होऊ शकतं की स्थळ जाईल. मी तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. गेलं तर घरात आठ-पंधरा दिवस तोंडं फुगतील. पण तेवढंच.

पत्रिका बाजूला ठेवून दोन्ही घरांनी एकमेकांना जे विचारायचं, ते बहुतेक राहूनच जातं. पगाराची स्लिप, डोक्यावरचं कर्ज, लग्नानंतर नोकरी कुठं, आई-वडिलांची जबाबदारी कुणाची. आणि रक्ताच्या तपासण्या, त्यात थॅलेसेमियाची हवीच. नाडी म्हणजे रक्तगट, असं आजकाल बरेच गुरुजी ठोकून देतात. काही संबंध नाही. नाडी नक्षत्रावरून ठरते, रक्तगट आई-वडिलांकडून येतो. छत्तीसांतले आठ गुण नाडीला देणाऱ्या घरांनी या तपासणीला चार पैसे द्यायला कुरकुरू नये.

हे पत्र छापायचं ठरवलं त्याला आणखी एक कारण आहे. सोलापुरातच नव्हे, गावोगावी तुमच्यासारखी हौसेनं, प्रामाणिकपणे पत्रिका बघणारी माणसं आहेत, आणि प्रत्येकाकडं कधी ना कधी कुणाची तरी वहिनी येतेच. त्यांच्यासाठी चार गोष्टी. पत्रिकेवर जन्मवेळेसमोर ती वेळ आली कुठून हे लिहा: ‘दवाखान्याच्या कार्डावरून’, ‘आईच्या सांगण्यावरून’. पंचांग कुठलं, अयनांश कुठले, तेही लिहा. लग्न राशीच्या शेवटच्या किंवा पहिल्या दोन अंशांत असेल तर ‘लग्न संधीवर, पाच-दहा मिनिटांच्या फरकानं बदलू शकतं’ असं तिथंच नोंदवा. एवढी एक ओळ भाचीच्या पत्रिकेवर पहिल्यापासून असती, तर आज समोरच्याला निदान शंकेचा फायदा उघडपणे देता आला असता, आणि तोही खरा. जवळच्या नात्यातली पत्रिका सोयरिकीसाठी तुम्ही करू नका; केलीच तर नातं सांगा. जो दोष सांगतो त्यानंच ग्रहशांत विकू नये, खडा तर नाहीच नाही. कुंभविवाहासारखे प्रकार सुचवण्याआधी त्या मुलीला मडक्याशी लग्न लावून घेताना काय वाटतं, हे एकदा तिलाच विचारा. आणि वैधव्य, मृत्यू हे शब्द कुणाच्याही तोंडावर उच्चारू नका. तुमच्या तोंडून सहज गेलेलं वाक्य समोरचा वीस वर्षं उशाशी घेऊन झोपतो. पत्रिका दाखवायला येणाऱ्यांसाठीही एक आहे. वेळ नक्की माहीत नसेल तर ‘नक्की माहीत नाही’ असंच सांगा. अंदाजानं सांगितलेल्या वेळेवर अचूक कुंडली मांडून मिळते, आणि तिचा अचूकपणा बघून आपलाच अंदाज आपल्याला खरा वाटू लागतो.

राहिले दादा. तुमच्या पत्रात ‘वहिनी म्हणतात’ असं आहे. दादा काय म्हणाले ते कुठंच नाही. त्यांना हे माहीत आहे का? कदाचित नसेल. ज्या भावानं बापाच्या माघारी बहिणीला शिकवलं, तो तिच्या विद्येचा असा उपयोग करायला सांगेल, हे तुम्ही गृहीत धरलंय. वहिनींची चहाडी वाटेल असं काही बोलू नका, पण रविवारच्या आधी एकदा त्यांना भेटा, आणि ‘दादा, त्यांना मंगळाचं खरं सांगून टाकावं असं माझ्या मनात आहे, तुझं काय?’ एवढंच विचारा. फोनवर नको, समोर बसून. ते चिडले तर चिडू द्या. तुमचं शिक्षण त्यांनी केलं, ते उपकार फेडायला भाचीच्या लग्नात हात सैल सोडा, दागिना करा, पंगतीचा खर्च उचला. जन्मवेळ सोडून काय हवं ते द्या.